बोली जालन्याची, गाणे शाहिराचे

वाचकहो, संगीत नाटक म्हटले की आपल्यापुढे जे चित्र उभे राहते त्यात आपण कुठेच नसतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, पुढे १९११ साली 'मानापमान' आले. त्याची पदे खाडिलकरांनी लिहिली आणि चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. एकाचे शब्द, दुसऱ्याची चाल. या जोड्यांवर ग्रंथ आहेत, शताब्द्या झाल्या, आणि ते योग्यही आहे. पण पत्र्याच्या शेडमध्ये, समाजमंदिराच्या ओट्यावर, कंदिलाच्या आणि पुढे ट्यूबलाईटच्या उजेडात एकाने शब्द आणि दुसऱ्याने चाल द्यायची, ही रीत आपल्या वस्त्यांतही शंभर वर्षांपासून चालू आहे. तिचा हिशेब कुणी ठेवला नाही. आम्ही पेशाने कारकून. हिशेबात जमेची नोंद राहिली की आम्हाला झोप येत नाही. म्हणून हा लेख.

निमित्त आहे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक. ते २०१२ साली रंगमंचावर आले. लेखक राजकुमार तांगडे. गाव जांबसमर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. हे गृहस्थ शेतकरी आहेत. नाटकाची मूळ कल्पना, गीते आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे. ते मूळचे सातारा जिल्ह्याचे, पण त्यांचा आवाज घडला तो मुंबईच्या वस्त्यांमध्ये. दिग्दर्शन नंदू माधव यांचे, ज्यांना आपल्यापैकी अनेकांनी २००९ सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात दादासाहेब फाळके म्हणून पाहिले असेल. आणि रंगमंचावर वावरणारी बरीचशी माणसे जालना जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतली, शेतीमातीतली. कैलास वाघमारे हा पुढे सिनेमात गेलेला गुणी नटही याच जिल्ह्याचा आणि याच नाटकाने लोकांपुढे आलेला.

ज्यांनी नाटक पाहिले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो. राजे निघायला तयार होतात, पण वर मागणी अशी की नुसते राजे नकोत, त्यांचे विचारही आणा. विचार राजांच्या पगडीत आहेत. ती पगडी यमाच्या हातून वाटेत हरवते. मग ही पगडी नेमकी कुणाच्या डोक्याला बसते, ते शोधायला बिचारा यम आजच्या महाराष्ट्रात हिंडू लागतो. इथे तर जो तो म्हणतो, राजे आमचेच! शेवटी दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि सवाल-जवाब झडतात. एक बाजू राजांना तलवारीपुरते आणि एका धर्मापुरते ठेवू पाहते. दुसरी बाजू भीमनगर मोहल्ल्याची. ती विचारते की रयतेच्या पिकाला हात लावू नका असे सैन्याला बजावणारा राजा तुम्ही कुठे लपवला? ज्याच्या आरमारात दौलतखान होता तो राजा कुठे गेला? कॉ. गोविंद पानसरे यांचे १९८८ साली निघालेले 'शिवाजी कोण होता?' हे छोटे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना हे प्रश्न ओळखीचे वाटतील. पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. म्हणजे हे प्रश्न नुसते गाण्यातले नव्हेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता गंमत पाहा. जांबसमर्थ हे रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तेथे जन्मले म्हणून गावाच्या नावाला 'समर्थ' जोडले गेले. शिवाजीराजांचे गुरू कोण, हा वाद ज्या नावाभोवती महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालला, त्याच नावाच्या गावातून एक शेतकरी उठतो आणि राजांना गुरूंच्या, पुरोहितांच्या आणि पुढाऱ्यांच्या हातून सोडवून रयतेत आणून बसवतो. हे कुणी मुद्दाम जुळवून आणले असते तर आम्ही म्हटले असते, फार झाले!

या गावातल्या नाटकवाल्यांची तयारी मात्र एका रात्रीत झालेली नाही. विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्यावर तांगडे यांनी 'आकडा' हे नाटक लिहिले. ज्या भागात मोटार चालू करायला शेतकरी रात्री दोन वाजता उठतो, त्या भागात या विषयाची थोरवी समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर 'दलपतसिंग येती गावा' हे मकरंद साठे यांचे नाटक अतुल पेठे यांनी जांबसमर्थच्या कलावंतांना घेऊन बसवले. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट आणि खर्चाची कागदपत्रे पाहण्याचा हक्क मागितला, त्या लढ्यावरचे ते नाटक. त्यातूनच पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आमच्यासारख्या कारकुनाला हे नाटक पाहताना दोन्ही बाजूंनी घाम फुटतो, कारण फाईल मागणाराही आम्हीच आणि फाईल सापडत नाही म्हणणाराही आम्हीच!

असो. या सगळ्यात आम्हाला जे विशेष वाटते ते असे की लिहिणारा एका मुलखाचा आणि गाणारा दुसऱ्या मुलखाचा असूनही नाटकात सांधा दिसत नाही. संवाद थेट आमच्या बोलीतले. घनसावंगीच्या बाजारात ऐकू येते तशी वाकडी, तिरकस, बोलणाऱ्याचा ओठ न हलता समोरच्याला चिमटा काढणारी भाषा. गाणे मात्र शाहिराचे, छातीतून आलेले. संवादाने माणूस हसत असतो आणि हसता हसता त्याचे तोंड उघडे असतानाच गाणे आत शिरते. संभाजी भगतांनी हे तंत्र कुठून आणले? 'आव्हान नाट्य मंच' आणि पुढे 'विद्रोही शाहिरी जलसा' यांतून. ज्या मंचावर विलास घोगरे यांच्यासारखा शाहीर उभा राहिला, तिथून. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा लोक मारले गेले आणि त्या दुःखात काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात ही सगळी माणसे भेटतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट (२०१४) ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी वीरा साथीदार यांनी उभ्या केलेल्या शाहिराच्या तोंडून संभाजी भगत यांचीच गाणी ऐकली आहेत.

याच्याही मागे जायचे तर आंबेडकरी जलशापर्यंत जावे लागते. सत्यशोधक जलसे आधी होतेच. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी बाबासाहेबांची चळवळ जलशातून गावोगाव नेली. त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते प्रत्येक मंडळाच्या कपाटात असले पाहिजे असे आमचे मत आहे, आणि बहुतेक कपाटांत ते नाही हा आमचा अनुभव आहे. तमाशाचा साचा या मंडळींनी घेतला, म्हणजे गण, गवळण, बतावणी, वग. पण गणातला गणपती गेला आणि गवळणीतला कृष्णही गेला. त्यांच्या जागी शाळा, सावकार, दारू, मेलेली ढोरे ओढायचे काम आणि मनुस्मृती आली. ढोलकी तीच, पण बोल बदलले. साच्याचे काय करायचे हे ज्याला कळते तोच खरा गीतकार, असे आम्हाला वाटते. नवा साचा करायला बुद्धी लागते खरी, पण लोकांच्या पायाला ठाऊक असलेल्या ठेक्यावर नवा विचार चालवायला जिगर लागते.

दुसरीकडे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढले. वाटेगावचे अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख. एक मातंग, एक मुसलमान, एक गवाणकर, आणि तिघांचे मिळून एक गाणे! अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा एकमेकांना भेटले नसते तर आज आपण दोघांनाही निम्मेच ओळखले असते. या उलट आपले वामनदादा कर्डक (१९२२-२००४). सगळे एकट्यात. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा आणि पायपीटही त्यांचीच. मराठवाड्यात असे तालुक्याचे गाव नसेल जिथे दादांचा मुक्काम झालेला कुणी सांगत नाही. वामनदादांसारखी माणसे शतकात एखादी होतात. बाकीच्यांना जोडीदार लागतो.

आमच्या वस्तीत अशी एक जोडी होती. तिच्याविषयी लिहावे म्हणून हा लेख हाती घेतला, हे आता कबूल करतो.

गीतकार आमचे मामा. गवंडीकाम करीत. शिक्षण चौथी. परांचीवर उभे राहून विटेवर वीट ठेवताना त्यांना ओळ सुचे, आणि ती विसरू नये म्हणून ते दिवसभर तीच पुटपुटत राहत. हाताखालचा बिगारी घाबरे, त्याला वाटे मिस्त्री शिव्या देतो आहे. संध्याकाळी घरी आले की आमची मामेबहीण वही घेऊन बसे. मामी भाकरी थापता थापता ऐके आणि एखादा शब्द नापसंत असला की नुसते 'हूं' करी. तो शब्द दुसऱ्या दिवशी बदललेला असे. मंडळाच्या पत्रिकेवर 'गीतकार' म्हणून एकच नाव छापले जाई. खरे तर त्या चुलीपाशी तिघे जण गीतकार होते.

चाल देणारे होते मास्तर. लग्नाच्या बँडात ते क्लॅरिनेट वाजवीत, म्हणून मास्तर. ते मांगवाड्यातले, मामा बौद्धवाड्यातले. मधे एक ओढा. मास्तरांच्या घरी पायपेटी होती. तिचे दोन सूर कायमचे बसलेले, त्यामुळे त्या दोन सुरांना टाळूनच सगळ्या चाली तयार होत. आमच्या वस्तीच्या गाण्यांना एक वेगळाच डौल आहे असे बाहेरगावचे लोक म्हणत, त्याचे रहस्य हे आहे!

कामाची रीत अशी. मार्च लागला, लग्नसराईची पहिली धांदल ओसरली की मास्तर रात्री ओढा ओलांडून येत. मामा ओळी म्हणून दाखवीत. मास्तर डोळे मिटून बोटांनी गुडघ्यावर मात्रा मोजीत. "कवी, हितं ठेच लागती," एवढेच म्हणत. जोडाक्षर आले की ठेच लागे. एका वर्षी भंतेजींनी सुचवले की गाण्यात 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द यावा, कारण तो धम्माचा गाभा आहे. मामांनी तीन रात्री प्रयत्न केला. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली ठेवले आणि हात जोडून म्हणाले, "भंते, हा शबुद म्या बँडवर घेतला तर नवरदेव घोड्यावरून खाली पडंल." शेवटी मामांनी तो सिद्धान्त दिवा आणि वात यांच्यावर घालून चार सोप्या ओळींत सांगितला. म्हाताऱ्या बायांना तो समजला. भंतेजी हसले आणि मग त्यांनीच प्रवचनात तो दाखला वापरायला सुरुवात केली.

आम्ही तेव्हा नववीत होतो आणि झीलकरी होतो. म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभे राहून धृपद उचलायचे. आवाज बेताचाच होता, पण मामांचा भाचा म्हणून वर्णी लागली. पुढे गळा फुटला तेव्हा आम्हाला जमाखर्चाची वही दिली. बी.कॉम.चा पाया तिथेच पडला म्हणायचा.

ही जोडी दोन गोष्टींवरून फुटली. लोकांना एकच ठाऊक आहे. तो काळ कॅसेटचा होता. जयंतीच्या आधी रस्त्यावरच्या गाड्यांवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग लागत. एका कंपनीचा माणूस आला, आमच्या मंडळाची गाणी ऐकली, सहा निवडली आणि थोडी रोख रक्कम देऊन गेला. कॅसेट आली तेव्हा वर गायकाचा फोटो आणि गायकाचे नाव. आत बारीक अक्षरात 'पारंपरिक' असे छापलेले. मामा आणि मास्तर दोघेही जिवंत असताना परंपरेत जमा झाले! मास्तरांना वाटले, पैसे मोजून घेणाऱ्या मामांनी नावाची अट घालायला हवी होती. मामांना वाटले, कंपनीच्या माणसाला मास्तरांनीच आणले होते. आम्ही वही उघडून पाहिली आहे. रक्कम निम्मी-निम्मी वाटलेली आहे, दोघांच्या सह्या आहेत, एकाचा अंगठा नाही. दोष दोघांचाही नव्हता. करारपत्र वाचायचे असते हे तेव्हा वस्तीत कुणालाच माहीत नव्हते.

पण दुसरी गोष्ट खोल होती. मास्तरांचे म्हणणे, गणात बाबासाहेबांबरोबर फुले आले, शाहू आले, मग शिवाजीराजे का नकोत? मास्तरांच्या वडिलांनी शिवरायांचा पोवाडा डफावर म्हटलेला होता. मामा म्हणत, माझ्या वहीत ते नाव येणार नाही. कारण विचारले की ते उठून बाहेर जात.

कारण आम्हाला आईने सांगितले. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. मामा तेव्हा दुसऱ्या गावी, सासरवाडीला होते. रात्री जमाव चालून आला तेव्हा त्याच्या तोंडी जी घोषणा होती, ती राजांच्या नावाची. मामांनी मामीला आणि तान्ह्या पोरीला घेऊन ती रात्र तुरीच्या शेतात काढली. पोरगी रडू नये म्हणून मामीने तिच्या तोंडावर पदर धरला होता. ती पोरगी म्हणजेच पुढे वही लिहिणारी आमची मामेबहीण. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या दिवशी वस्तीत मामांइतके कुणी नाचले नसेल. पण ते नाव त्यांच्या वहीत आले नाही ते नाहीच. एखादे नाव माणसाच्या कानात कसे शिरले यावर ते पुढे त्याच्या तोंडून कसे निघेल ते ठरते. त्यांना आम्ही काय इतिहास सांगणार? त्यांना सांगून पाहिले होते की १८६९ साली जोतीरावांनीच शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला, त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हटले. १९२७ च्या मे महिन्यात बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवात बाबासाहेब स्वतः अध्यक्ष होते. मामा शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बाबासाहेब लई मोठे होते, भाच्या. म्या गवंडी हाय."

मास्तर येईनासे झाले. पुढची पंधरा वर्षे मंडळाने सिनेमाच्या चालींवर काम भागवले.

ते नाटक आले तेव्हा आमच्या कार्यालयात त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना नावातले 'अंडरग्राउंड' खटकले. काहींना 'भीमनगर' खटकले, पण ते तसे बोलत नव्हते. आपल्यातही काही जण म्हणाले, आपल्या मंचावर राजे कशाला, आपल्याकडे विषयांची टंचाई आहे काय? आमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे अण्णा हे शिवजयंतीच्या समितीत. ते आणि आम्ही वर्षानुवर्षे एकमेकांना वर्गणी देत आलो, पण एकमेकांच्या मिरवणुकीत कधी गेलो नाही. ते म्हणाले, "चला की, बघून तर येऊ." तो २०१२-१३ चा दुष्काळ होता. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या आणि वीस-वीस वर्षे जपलेल्या झाडांना लोक कुऱ्हाड लावत होते. प्यायला टँकर. अशा दिवसांत नाटकाला जायचे म्हणजे घरात बोलणी खायची. तरी जीप ठरली. प्रयोग औरंगाबादला होता (तेव्हा नाव तेच होते). अण्णा, आम्ही, मामेबहीण आणि तिने हट्टाने बसवलेले मामा. वाटेत मांगवाड्यापाशी जीप थांबली तेव्हा मामांना कळले की मागच्या सीटवर मास्तरही आहेत. हा कट मामेबहिणीचा. दोघे बोलले नाहीत. एकाने उजवीकडच्या खिडकीतून वाळलेल्या बागा पाहिल्या, दुसऱ्याने डावीकडच्या.

नाटकभर आमचे लक्ष अर्धे मंचावर, अर्धे त्या दोघांकडे. बोली ऐकताच मामा पुढे सरकून बसले. यम पगडी शोधत फिरू लागला तेव्हा सगळे सभागृह हसत होते, मामा हसत नव्हते. मास्तर नेहमीप्रमाणे डोळे मिटून गुडघ्यावर मात्रा मोजत होते. सवाल-जवाब सुरू झाले. घोषणा देणाऱ्या बाजूला मोहल्ल्याची बाजू गाण्यातून विचारू लागली, राजे कुणाचे, शेतकऱ्याचे की त्याला लुटणाऱ्याचे? अण्णा आमच्या शेजारी ताठ बसले होते. मध्येच त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. नंतर विचारले तर म्हणाले, "धूर होता हो मंचावर." धूर नव्हता.

प्रयोग संपल्यावर मामा खुर्चीतून उठेनात. आम्हाला वाटले, गुडघे धरले. ते म्हणाले, "लिव्हणारं पोरगं जांबचं हाय म्हन्ता?" होय म्हटले. "शेती करतं?" होय म्हटले. मग बराच वेळ काही नाही. दाराशी नाटकाचा फलक होता, त्यावर लेखक वेगळा, गीत-संगीत वेगळे, दिग्दर्शक वेगळा, सगळ्यांची नावे मोठ्या अक्षरांत. मामेबहिणीने ती बापाला वाचून दाखवली. मास्तर मागे उभे होते. ते म्हणाले, "बघ, पारंपरिक न्हाई म्हनलं." इतक्या वर्षांनी पहिले वाक्य ते हे! मामा म्हणाले, "तुझ्याच माणसानं छापलं होतं ते." आम्हाला वाटले, झाले, आता परतीचा प्रवास कठीण.

पण जीपमध्ये वाद निराळाच लागला. मामांचे म्हणणे, सवाल जवाबापेक्षा जड झाला होता, जवाबाला आणखी एक कडवे हवे होते. मास्तरांचे म्हणणे, कडवे पुरेसे होते, फक्त शेवटच्या ओळीआधी ढोलकी थांबवायला हवी होती, मग तेच कडवे दुप्पट वजनाचे झाले असते. अण्णा मधे पडले आणि म्हणाले की मूळ प्रश्नच आमच्या बाजूने नीट मांडला नाही, आमच्याकडेही मांडायला बरेच आहे. दोघे म्हातारे एकदम त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, मग मांडा की! बदनापूर मागे पडेपर्यंत जीपमध्येच सवाल-जवाब रंगले होते. ड्रायव्हरने दोनदा गाडी हळू केली, पण तो कुणाच्या बाजूने होता ते शेवटपर्यंत कळले नाही.

नाटकाने मामांचे मन पालटले असे आम्ही म्हणणार नाही. तुरीच्या शेतातली रात्र दोन तासांच्या प्रयोगाने पुसली जात नाही, आणि जावी असेही नाही. पुढच्या मार्चमध्ये एका रात्री मामेबहिणीने आम्हाला वही दाखवली. गणाच्या चार ओळी लिहिलेल्या होत्या. राजांचे नाव त्यात नव्हते. एक कुणबी होता, त्याचे पीक होते, आणि त्या पिकातून वाट न काढता बांधावरून घोडा नेणारा कुणी एक घोडेस्वार होता. वर 'चाल' असे लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती.

मास्तर ओढा ओलांडून आले. वही त्यांना वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी गुडघ्यावर बोटे वाजवली, पुन्हा वाजवली.

"घोडेस्वार कोन, ते सांगत न्हाईस का?"

"ज्याला वळखायचं त्यो वळखंल."

"बरं. पर तिसऱ्या वळीत दोन मात्रा जास्त हायेत."

"मंग काप की लेका," मामा म्हणाले, "तुला कवा विचारावं लागलं?"